भुईमुगाच्या नव्या वाणांची पारख : तुल्यवाणाचा प्रश्न

एखाद्या पिकाचा नवा वाण 'अधिक चांगला' म्हणून प्रसृत केला जातो, तेव्हा त्या विशेषणात एक तुलना गृहीत धरलेली असते. हा वाण कोणाहून चांगला, कोठे चांगला आणि कोणाच्या दृष्टीने चांगला, हे तीन प्रश्न त्या एका शब्दामागे उभे असतात. पैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कृषिशास्त्राने काटेकोरपणे देऊन ठेवले आहे. ज्या प्रचलित वाणाशेजारी नव्या वाणाची पेरणी करून त्याची कसोटी घेतली जाते, त्यास तुल्यवाण म्हणतात. तुल्यवाणापेक्षा नव्या वाणाचे उत्पन्न संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चितपणे अधिक ठरले, म्हणजे त्याची पहिली परीक्षा पार पडली. परंतु उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे या पहिल्या उत्तरातच आली, असे मानण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे, आणि ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. भुईमुगाच्या बाबतीत ही तपासणी करण्यास रायगडचा किनारा, विशेषतः अलिबाग तालुक्यातील किहीमसारखे गाव, फार सोयीचे आहे. किहीम हे भुईमुगासाठी नावाजलेले गाव नव्हे. आणि म्हणूनच, नव्या वाणाला तेथे शिरकाव करून घ्यावयाचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतील, हे तेथे स्पष्टपणे दिसते.

प्रथम भुईमुगाचा वाण निर्माण होतो कसा, हे पाहिले पाहिजे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून आणि गुणसूत्रांच्या द्विगुणनातून तो उत्पन्न झाला, व त्याची गुणसूत्रे ४० आहेत. हे पीक स्वपरागित असल्यामुळे त्यात आपोआप संकर क्वचितच होतो. संकर घडवून आणावयाचा, तर सायंकाळी कळीतील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या नराचे पराग कुक्षीवर ठेवावे लागतात. इतका खटाटोप केल्यावर एका फुलापासून एकच आरी जमिनीत उतरते, आणि तिच्या शेंगेत बहुधा एक किंवा दोन दाणे भरतात. त्यापुढे सहा-सात पिढ्या निवड करीत जावे, तेव्हा वाण स्थिर होतो. यामुळेच महाराष्ट्रातील जुने वाण बहुतांशी संकरातून आलेले नसून निवडीतून आलेले आहेत. तिंडिवनम येथून १९४० साली प्रसृत झालेला टीएमव्ही-२ हा तर सरळ समूहनिवडीचा वाण. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने तैवानहून आलेल्या एका सामग्रीतून निवडलेला जेएल-२४, म्हणजे 'फुले प्रगती', हाही निवडीचाच. १९६५ सालचा एसबी-११ संकरातून आला खरा. परंतु संकराचा मार्ग किती चिकाटी मागतो, याचीच तो साक्ष देतो.

या परंपरेत ट्रॉम्बे येथील कार्य वेगळे उठून दिसते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील अणुऊर्जा आस्थापनेत 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या वाणाच्या कोरड्या बियाण्यावर क्ष-किरणांचा मारा करून उत्परिवर्तने घडविण्यास प्रारंभ झाला. त्यांतून टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ निघाला व १९७३ साली 'विक्रम' या नावाने प्रसृत झाला. दाणा टपोरा झाला, परंतु मुदत लांबली. पुढे या उत्परिवर्तितांचेच आपसांत व इतर वाणांशी संकर करण्यात आले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने १९९१ साली टीएजी-२४ आला. ठेंगणा, लवकर येणारा, आणि झाडाच्या एकूण शुष्क भारातील निम्मा वाटा शेंगांना देणारा हा वाण इतका सर्वत्र रुजला की, पुढे तो स्वतःच तुल्यवाण म्हणून वापरला जाऊ लागला. टीजी-१७ आणि टीजी-१ यांच्या संकरातून आलेला टीकेजी-१९ए हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने कोकणातील रब्बी-उन्हाळी हंगामासाठी शिफारशीस आला. त्याच्या नावातील मधले अक्षर कोकणाचे आहे. टपोरा दाणा आणि काढणीनंतर सुमारे महिनाभर टिकणारी बियाण्याची सुप्तावस्था, ही त्याची दोन मुख्य वैशिष्ट्ये.

मूल्यमापनाची रूढ पद्धती सदोष आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाच शेतातील जमीन वाफ्यागणिक बदलते, हे ओळखून प्रत्येक वाणाचे वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावेत, त्यांच्या पुनरावृत्ती कराव्यात, आणि दोन वाणांतील फरक क्रांतिक अंतराहून मोठा असेल तरच तो खरा मानावा, ही शिस्त भारतीय कृषिसंशोधनात रुजविण्यात मराठी संख्याशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा १९५४ साली प्रसिद्ध झालेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ पिढ्यान् पिढ्या कृषी महाविद्यालयांतून अभ्यासिला गेला आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातील चाचण्या याच पायावर उभ्या आहेत : प्रथम प्रारंभिक चाचणी, मग प्रगत चाचणी, अखेरीस शेतकऱ्यांच्या शेतावरील प्रात्यक्षिके. या गाळणीतून पार पडलेला वाण तुल्यवाणाहून अधिक उत्पन्न देतो, याविषयी सामान्यतः शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती तुल्यवाणाच्या निवडीविषयी. या पद्धतीत भुईमुगाचा तुल्यवाण भुईमूगच असतो. शेतकऱ्याच्या मनातील तुल्यवाण मात्र भुईमूगच असेल, असे नाही.

किहीमच्या परिसरात समुद्रालगत वाळूचा पट्टा व नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि त्यांच्यामागे भातखाचरे. वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, म्हणून खरिपात भाताशिवाय दुसऱ्या पिकाचा विचार फारसा संभवत नाही. भुईमुगाला वाव आहे तो भातानंतर. तेथे त्याचे खरे प्रतिस्पर्धी उभे राहतात. पहिला वाल : खाचरातील अंगओलाव्यावर येणारा, पाण्याचा खर्च न मागणारा आणि घरच्या जेवणात व पोपटीत हमखास खपणारा. दुसरा अलिबागचा पांढरा कांदा : भौगोलिक मानांकन लाभलेला, वेणी बांधून विकला जाणारा, मेहनत फार घेणारा, परंतु चांगली किंमत आणणारा. तिसरा प्रतिस्पर्धी पीक नव्हेच; तो म्हणजे पडीक जमीन. मुंबईपासून जवळ असलेल्या या किनाऱ्यावर जमिनीस बंगल्यांसाठी मागणी आहे, आणि भातानंतर रिकामे राहिलेले खाचर हे विकाऊ जमिनीच्या एक पाऊल अलीकडे उभे असते. टीकेजी-१९ए हा एसबी-११ पेक्षा सरस आहे, हे वाक्य या तिघांपैकी कोणासही उत्तर देत नाही. वालाहून अधिक पाणी मागणाऱ्या पिकाने त्या पाण्याचे मोल किती मिळवून दिले, आणि कांद्याहून कमी मजुरी घेणाऱ्या पिकाने किती मजुरी वाचविली, हे प्रश्न चाचणीच्या तक्त्यात येतच नाहीत.

याला जोडून मुदतीचा प्रश्न येतो. कोकणात भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे भेद मुदतीवरून केले जातात. हळवे भात लवकर उरकते, गरव्याची कापणी पार नोव्हेंबरपर्यंत लांबते. त्यानंतर जमीन वाफशावर येणे, नांगरणी आणि पेरणी होणे यांस वेळ लागतो. डिसेंबरच्या अखेरीस पेरलेला १२० दिवसांचा भुईमूग एप्रिलच्या अखेरीस निघतो, आणि जानेवारीच्या अखेरीस पेरलेला मेच्या अखेरीस, म्हणजे मृगाच्या उंबरठ्यावर. पहिल्या स्थितीत शेंगा वाळविण्यास महिनाभर कडक ऊन लाभते. दुसऱ्या स्थितीत वळिवाच्या एका सरीने काढणीचे सर्व गणित कोसळते. सारांश, भुईमुगाच्या वाणाची योग्यता त्याच्या आधी त्याच खाचरात उभ्या असलेल्या भाताच्या वाणावर अवलंबून असते. दोन वाणांची ही जोडी एकत्र पारखली जात नाही. भाताचा प्रयोग भाताच्या शाखेत होतो, भुईमुगाचा तेलबियांच्या शाखेत. खाचर मात्र एकच असते.

दाण्याच्या आकाराचा विचार याहूनही उद्बोधक आहे. ट्रॉम्बेच्या वाणांची कीर्ती टपोऱ्या दाण्यावर उभी आहे. टपोऱ्या दाण्याला खाऊ शेंगदाणा म्हणून अधिक भाव येतो, हे खरे. परंतु दाणा जितका मोठा, तितके बियाणेही वजनाने अधिक लागते. ३० × १० सेंटिमीटर अंतराने पेरल्यास हेक्टरी सुमारे ३,३३,००० रोपे बसतात. शंभर दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम असेल तर त्यासाठी ११७ किलो दाणे लागतात. तेच वजन ५५ ग्रॅम असेल तर १८३ किलो. फरक ६६ किलो दाण्यांचा, म्हणजे ७० टक्के उतारा धरला तर जवळजवळ ९५ किलो शेंगांचा. जुन्या वाणाचे उत्पन्न हेक्टरी २,००० किलो आणि नव्याचे १० टक्क्यांनी अधिक असे मानले, तर २०० किलोंच्या वाढीपैकी जवळजवळ निम्मी वाढ पुढील वर्षाच्या जादा बियाण्यातच जिरते. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे; प्रत्येक वाणाचे आकडे निराळे येतील. तथापि बियाण्याचे वजन वजा करून निव्वळ उत्पन्न मांडणे मुळीच कठीण नाही, आणि तसे ते मांडले गेले तर टपोऱ्या व बारीक दाण्याच्या वाणांमधील क्रम काही ठिकाणी बदलण्याचा संभव आहे.

शिवाय टपोरा दाणा जमिनीकडेही अधिक मागतो. भुईमुगाच्या शेंगेला लागणारा चुना मुळांवाटे वर जाऊन पुन्हा खाली येत नाही. जमिनीत शिरलेल्या आऱ्या आणि वाढती शेंग तो भोवतालच्या मातीतून स्वतः शोषून घेतात. शेंग मोठी, तर तिची गरज मोठी. ती न भागल्यास टरफल तयार होते, पण आत दाणा भरत नाही. कोकणातील पावसाने धुपलेल्या आम्लधर्मी जमिनीत चुन्याची वाण असते, आणि म्हणूनच तेथे आऱ्या सुटण्याच्या वेळी जिप्सम देण्याची शिफारस असते. संशोधन केंद्राच्या वाफ्यात ही शिफारस काटेकोरपणे पाळली जाते. जिप्सम न दिलेल्या खाचरात टपोरा वाण पोचट शेंगांच्या रूपाने आपला सर्व फायदा गमावील आणि बारीक दाण्याचा वाण तग धरील, हे अशक्य नाही. पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन घालून पेरलेल्या भुईमुगाविषयीही हेच म्हणता येते. आच्छादनाने माती उबदार राहते, उगवण लवकर होते, ओलावा टिकतो. परंतु आच्छादनाखाली पहिला आलेला वाण उघड्या मातीतही पहिला येईलच, अशी हमी कोणतेही शास्त्र देत नाही.

सर्वांत महत्त्वाचा निकष अद्याप राहिलाच आहे. भुईमूग स्वपरागित असल्यामुळे शेतकऱ्याने घरचे बियाणे पिढ्यान् पिढ्या राखले तरी वाण बिघडत नाही. हे या पिकाचे मोठे सामाजिक वैशिष्ट्य होय. उलट, बियाणे भारी लागते आणि ते वाढते हळू. एका हेक्टराच्या पिकातून जेमतेम आठ-दहा हेक्टरांना पुरेल इतके बियाणे मिळते. भातात हे प्रमाण कितीतरी पट अधिक असते. अशा पिकाच्या बियाण्यात व्यापाऱ्याला रस कमी, आणि सरकारी यंत्रणेचा पुरवठा नेहमीच अपुरा. म्हणजे नवा वाण गावात टिकेल तो शेतकऱ्याच्या घरात टिकला तरच. किहीमच्या शेतकऱ्याला मे महिन्यात काढलेल्या शेंगा पुढच्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत, आणि तेही संपूर्ण पावसाळ्यातून, जिवंत राखावयाच्या असतात. उन्हाळी भुईमुगाचे बियाणे खरिपाच्या बियाण्यापेक्षा लवकर मरते, ही सर्वमान्य गोष्ट आहे. कडक उन्हात वाळवले तर अंकुर दुखावतो, पुरेसे वाळवले नाही तर दमट हवेत बुरशी धरते. आणि ॲस्परजिलस या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते, म्हणून ते खाण्यासही अपायकारक.

या ठिकाणी सुप्तावस्थेचा गुण नीट समजून घेतला पाहिजे. स्पॅनिश वर्गाच्या उपट्या भुईमुगाला सुप्तावस्था जवळजवळ नसते. पीक पक्व झाल्यावर पाऊस पडला, तर दाणे जमिनीतच कोंब धरतात. टीकेजी-१९ए मध्ये आणलेली महिनाभराची सुप्तावस्था हा म्हणूनच कोकणापुरता बहुमोल गुण होय, आणि तो हेरून वाणात आणणाऱ्या पैदासकारांना स्थळाची जाण होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु सुप्तावस्था आणि दीर्घायुष्य हे दोन निरनिराळे गुण आहेत. पहिल्या महिन्यात उगवू नये, हा एक गुण. आठव्या महिन्यात उगवावे, हा दुसरा. वाणाच्या वर्णनात पहिल्याची नोंद दिवसांत येते, दुसऱ्याची बहुधा येतच नाही. दहा गुंठे पेरणाऱ्या शेतकऱ्याला पुढल्या वर्षासाठी सुमारे १५ ते १८ किलो शेंगा राखाव्या लागतात. हेक्टरी २,००० किलोंच्या हिशेबाने त्याच्या पिकाचा हा साधारण बारावा हिस्सा. हा एवढासा हिस्सा सप्टेंबरात उगवणशक्ती गमावून बसला, तर त्या शेतकऱ्यापुरता वाण संपला. त्याच्या शेजारी पेरलेल्या तुल्यवाणाहून तो कितीही सरस असो, पुढल्या वर्षी त्याच्या खाचरात वाल असेल.

यावर पैदासकारांचा आक्षेप उघड आहे, आणि तो हलका नाही. गावागावासाठी निराळा वाण काढावयाचा ठरविले, तर एका वाणास लागणारी दहा-बारा वर्षे आणि मोजकी माणसे यांत ते साधणार नाही. विस्तृत क्षेत्रात टिकाव धरणारा वाण हेच समाजाच्या दृष्टीने अधिक फलदायी, आणि टीएजी-२४ चे यश हेच सांगते. या आक्षेपाचे उत्तर वाणशास्त्रातच सापडते. ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ साली बार्लीच्या शेकडो वाणांवरून दाखविले की, केवळ सरासरी उत्पन्न पुरेसे नाही; परिस्थिती सुधारत किंवा बिघडत गेली असता वाणाचे उत्पन्न कोणत्या उताराने बदलते, हेही पाहिले पाहिजे. १९६६ साली एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात स्थैर्याचे आणखी एक माप घातले. हे विवेचन पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकविले जाते, प्रबंधांतून त्याची कोष्टके येतात. परंतु ज्या 'परिस्थितीं'चा विचार त्यांत होतो, त्या बहुधा संशोधन केंद्रांच्याच असतात; सर्वांत वाईट परिस्थितीसुद्धा कुंपणातली आणि खत-पाणी मिळालेली असते. मागणी गावागणिक वाणाची नाही. मागणी एवढीच, की विस्तृत क्षेत्राची सरासरी काढताना त्या क्षेत्रातील अडचणींचाही त्यात समावेश असावा.

पाहणारा ज्या जागी बसतो, तिच्यावर त्याला काय दिसेल हे अवलंबून असते, याचे एक उत्तम उदाहरण किहीमच्याच भूमीतले आहे. १९३० साली सालिम अली यांनी किहीम येथे राहून सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे महिनोन् महिने निरीक्षण केले, आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. अर्धवट सोडलेली घरटी ही नराने आपल्या निवाऱ्यासाठी बांधलेली असावीत, अशी तोवर समजूत होती. सततच्या निरीक्षणातून दिसले ते निराळेच : नर घरटे अर्धवट बांधून थांबतो, मादी येऊन ते पारखते, आणि तिने पसंत केले तरच ते पुरे होते. केवळ बांधणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्यास अपुरे घरटे हे कोडेच राहिले असते. निवडणाऱ्याकडे पाहिल्यावर ते उलगडले. प्रसृत होऊनही न पसरलेल्या वाणांचे कोडे याहून फार निराळे नाही. वाण का पसरला नाही, याची कारणे पैदासकाराच्या नोंदवहीत शोधण्याऐवजी, तो वाण एक वर्ष पेरून दुसऱ्या वर्षी सोडून देणाऱ्याच्या घरी शोधली पाहिजेत.

या चिकित्सेतून अभ्यासकांसाठी काही करण्याजोग्या गोष्टी निघतात. त्यांस नवे यंत्र किंवा मोठा निधी लागत नाही. उत्पन्नाच्या तक्त्यात बियाण्याचे वजन वजा करून येणारे निव्वळ उत्पन्न हा एक रकाना असावा. जिप्सम व आच्छादन यांवाचून घेतलेल्या वाफ्यांचा दुसरा असावा. शेंगा साध्या पत्र्याच्या डब्यात वा गोणीत कोकणातील घरात ठेवून दर महिन्याला घेतलेल्या उगवणशक्तीच्या नोंदीचा तिसरा असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधात हा प्रयोग सहज बसतो. आणि प्रात्यक्षिकाच्या शेतात भुईमुगाच्या तुल्यवाणाबरोबर वालाचा व पांढऱ्या कांद्याचाही एकेक वाफा असावा, व तिघांचा पाणी, मजुरी आणि किंमत यांचा हिशेब एकाच कोष्टकात मांडला जावा. अशा कोष्टकात नवा वाण हरला, तर त्यामुळे पैदासकारांचे श्रम वाया गेले असे ठरणार नाही. त्यांना पुढचा संकर कोणत्या गुणासाठी करावयाचा, ते समजेल. आणि तो जिंकला, तर भातानंतर रिकाम्या पडणाऱ्या एखाद्या खाचरात तो पेरला जाण्यास, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरला जाण्यास, सबळ कारण मिळेल.